प्रकाशजन्य की प्रकाशोद्दीपित?

प्रश्न असा आहे: स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासावरच्या एका मजकुरात ‘प्रकाशोद्दीपित दीप्ती’ असा शब्द आला. स्फटिकातून विखुरतात ते क्ष-किरण, मग त्यात प्रकाश कुठून आला? आणि आलाच असेल तर सरळ ‘प्रकाशजन्य’ का म्हणू नये?

‘जन्य’ म्हटलं तर भौतिकशास्त्रच चुकतं. असे क्ष-किरण नोंदवायला फिल्मऐवजी ‘इमेज प्लेट’ नावाची पट्टी वापरतात; ही दीप्ती तिच्यातली. तिच्यावर बेरियम फ्लुओरोब्रोमाइडच्या बारीक स्फटिकांचा थर असतो, त्यात युरोपियम हा धातू किंचित मिसळलेला. म्हणजे इथे स्फटिक दोन ठिकाणी आहेत, एक तपासायचा आणि दुसरे नोंद ठेवणारे. गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. तपासायच्या स्फटिकातून विवर्तित झालेले, म्हणजे ठरावीक दिशांना विखुरलेले, क्ष-किरण प्लेटवर ठिपक्याठिपक्यांनी पडतात. तिथे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यातले काही स्फटिकजालातल्या ब्रोमाइडच्या रिकाम्या जागांत अडकून बसतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ऊर्जा साठलेली असते. मग सुमारे ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर प्लेटवरून ओळीओळीने फिरवतात. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि युरोपियममधून सुमारे ३९० नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश बाहेर पडतो. तोच मोजायचा.

आता गंमत पाहा. निळ्या फोटॉनमध्ये (प्रकाशाच्या कणात) लाल फोटॉनपेक्षा जास्त ऊर्जा असते. लाल प्रकाशाने आत जेवढं दिलं त्याहून जास्त बाहेर आलं, तर वरची रक्कम आधीच कुणीतरी ठेवलेली असणार. ती क्ष-किरणांनी ठेवली. म्हणून प्रकाश हा जनक नव्हे.

आणि ‘उद्दीपन’ या शब्दात नेमकं हेच आहे. रसचर्चेत चांदणं, वसंत, कोकिळेचा स्वर हे उद्दीपन विभाव. ते रती, म्हणजे प्रेमभाव, निर्माण करत नाहीत. स्थायीभाव मनात आधीपासून असतो, ते त्याला चेतवतात. ज्याने हा पारिभाषिक शब्द निवडला, त्याच्या मनात हे असेल-नसेल, पण निवड चपखल आहे.

(भिंतीवरच्या अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांना आपण सर्रास ‘रेडियम’ म्हणतो. त्यांत रेडियम नसतं. त्याही ऊर्जा साठवतात, पण त्यांच्यातली इलेक्ट्रॉनची अडकण उथळ असल्यामुळे खोलीतली उष्णता ती ऊर्जा सोडवायला पुरते. इमेज प्लेटची अडकण खोल असते, म्हणून लेसर लागतो.)

वैद्यकीय क्ष-किरण चित्रांसाठी फुजीने ही प्लेट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. त्याच दशकात जपानमधल्या त्सुकुबाच्या फोटॉन फॅक्टरी या प्रखर क्ष-किरण पुरवणाऱ्या संशोधन केंद्रात प्रथिनांच्या स्फटिकांसाठी ती वापरात आली. कारण साधं आहे: एकाच चित्रात झगझगीत ठिपके आणि जेमतेम दिसणारे ठिपके दोन्ही विश्वासाने मोजायचे असतात आणि फिल्मची धाव (सर्वांत फिक्या ते सर्वांत झगझगीत ठिपक्यापर्यंतचा तिचा पल्ला) त्यात फार तोकडी पडते. शिवाय पांढऱ्या प्रकाशात ठेवली की प्लेट पुसली जाते आणि पुन्हा वापरता येते. पुढे क्ष-किरणांची इलेक्ट्रॉनिक नोंद करणारे सीसीडी आणि पिक्सेल डिटेक्टर आले, तशी ती मागे पडली.

तेव्हा ‘प्रकाशजन्य दीप्ती’ हा शब्द, शोषलेल्या प्रकाशाचीच ऊर्जा पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडते त्यासाठी ठेवावा. ‘प्रकाशोद्दीपित’ मात्र इमेज प्लेटपुरता नाही. गाळातल्या क्वार्ट्झच्या कणांवरून गाळाचं वय काढतात तिथेही तो तसाच लागू पडतो: ऊर्जा साठवली ती आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराने, प्रयोगशाळेतला निळा प्रकाश तिला फक्त मोकळी करतो.