शहरात खून-मारामाऱ्या गरिबीमुळे जास्त होतात का? मुलांना घेऊन गावी राहायला जाणं सेफ आहे का?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताना हा विषय परीक्षेपुरता वाचलेला, पण कळला तो लालबागच्या आमच्या चाळीमुळे, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल.

नुसत्या गरिबीने होत नाही. अमेरिकेतल्या शिकागोत शॉ आणि मॅके या दोन समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर मांडले, 1942 ला त्यांचं पुस्तक आलं. शहराच्या मधल्या भागाला आणि कारखान्यांना चिकटून असलेल्या वस्त्यांत आकडा कायम वर. गंमत म्हणजे तिथली माणसं बदलत होती, आधी जर्मन-आयरिश, मग पोलिश-इटालियन, चार पैसे गाठीला आले की लोक बाहेर पडायचे, वस्तीचा आकडा मात्र तसाच. म्हणजे दोष 'त्या लोकांचा' नव्हता. रोज नवा भाडेकरू, कोण कुणाला ओळखत नाही, मग पोरांना हटकणार कोण?

पुढे 1997 मध्ये सॅम्पसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी शिकागोच्याच 343 वस्त्यांमधल्या 8,782 लोकांना अगदी साधे प्रश्न विचारले. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी काही बोलतील का? भिंतीवर रंग फासत असतील तर? घरासमोर मारामारी लागली तर? जिथे लोक 'बोलतील की' म्हणाले तिथे हिंसा कमी, आणि हे गरिबी वगैरे हिशोबात धरूनही.

हे वाचलं आणि मला गॅलरीतल्या काकू आठवल्या. सातवीत असताना जिन्याखाली बिडी ओढून बघत होतो, वरून आवाज आला, "कोण रे तो, पंधरा नंबरचा ना?" बस्स, मी दोन जिने चढून घरी पोचेपर्यंत बातमी आईकडे, आणि मग जे व्हायचं ते झालं.

पण याच काकू आमच्याच मजल्यावरच्या दोन दादांना काही बोलायच्या नाहीत, ते आले की दार लोटून घ्यायच्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, बाबा पण त्यातच. चाळ तीच, शेजारी तेच, पण घरात पगार येईना, कोण गावाला गेलं, कोण कर्जात बुडालं, आणि हाताला काम नसलेली पोरं टोळ्यांना आयती मिळाली. हटकायला पण अंगात जोर लागतो हो. गरिबी काम करते ती अशी, आडून.

आता गावाचं. अमेरिकेतच ऑसगुड आणि चेंबर्स यांनी 2000 साली चार राज्यांतल्या 264 ग्रामीण काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या) तपासल्या. तरुणांच्या हिंसेचा संबंध सारखी जागा बदलणारी कुटुंबं, एकट्या पालकाची घरं आणि वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ यांच्याशी दिसला, गरिबीशी नाही, कारण तिकडचा गरीब माणूस सहसा जागचा हलत नाही, पिढ्यानपिढ्या तिथेच.

पण म्हणून गाव सेफ, असं मी लिहिणार नाही. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी, एका दलित कुटुंबातल्या चौघांचा खून, आणि मारणारे गावातलेच. तिथे काय भाडेकरू बदलत नव्हते, सगळे सगळ्यांना ओळखत होते. 'ओळख असली की गुन्हे कमी' या वरच्या सगळ्या थिअरीला हे दिसतच नाही, कारण लोक एकमेकांना धरून असले की चांगलंच होतं असं ती गृहीत धरते, आणि कुणाला बाहेर ठेवून धरून आहेत हे विचारत नाही. आमच्या चाळीत तरी सगळ्या जातीची माणसं कुठे होती म्हणा.

तेव्हा तुमचं म्हणाल तर, शहरात जागा बघायला जाल तेव्हा संध्याकाळी समोरच्या टपरीवर अर्धा तास चहा पीत बसा, पोरं दंगा करत असतील तर कोणी नावाने हाक मारून ओरडतंय का बघा. आणि गावी जायचं ठरलंच तर देवळापासून निघून गावाच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जा, तिथल्या लोकांना विचारा तुमच्या दाराशी भांडण झालं तर कोण येतं म्हणून.