15 हजारांच्या आतली हवा भरायची कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी बोट) घ्यावी का? धरणात दोघांनी चालवायची आहे. घरचे म्हणतात हा फुगा आहे, फुटेल. किती वर्षं टिकते?

घ्या. माझी 2021 ची आहे, तेव्हा 13 हजारांना पडली होती, आणि अजून पाण्यावर जाते.

घरचे तिला फुगा म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. हाच शब्द मी गेली काही वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय. दर दिवाळीला, दर बारशाला. "ह्यानं मला फुग्यात बसवून उजनीत बुडवायला नेलं होतं." सगळे हसतात. त्या दिवशी खरं काय झालं ते मला कुणी सांगू दिलेलं नाही, म्हणून इथे सांगतो. तुम्हाला उपयोगच होईल.

2022 चा मे महिना. भिगवणच्या अलीकडे, उजनीचं बॅकवॉटर. ठरलं होतं सकाळी साडेसहाला पाण्यात उतरायचं. दाजी बारामतीहून यायचे होते, ते पोचले अकराला. मग जेवण, मग वामकुक्षी. मी तोवर काठावर बोट भरून ठेवली होती, भर उन्हात. दुपारी एकला हात लावून बघितलं तर ढोलक्यासारखी टणक झालेली. फुटेल म्हणून मी थोडी हवा सोडली.

ही पहिली चूक, आणि ती माझी. या स्वस्त बोटींत बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम एक पीएसआय (टायरची हवा मोजतात ते माप) दाब जास्त असतो. बाहेरची हवा साधारण 14.7, म्हणजे आत एकूण 15.7. आतली हवा 27 अंशांवरून 47 वर गेली की हा एकूण दाब साडेसहा-सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आणखी एक पीएसआय. कातडं ताणतं म्हणून पुरता तेवढा वाढत नाही, पण बोटीच्या दृष्टीनं तो जवळजवळ दुप्पटच. हवा सोडणं बरोबर होतं. चुकलं हे की चार वाजता ती गार पाण्यात टाकल्यावर हवा आकसली, बोट मऊ पडली, आणि मी पुन्हा पंप मारला नाही. पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवायची आणि मग वरून हवा भरायची, हे आता मी कधीच चुकवत नाही.

दाजी 98 किलो, मी 76. बोटीवर मर्यादा लिहिलेली 180. बेरीज करून दाजी म्हणाले, "बसतंय की." पण वर पाण्याचे दोन कॅन, बॅग, दुर्बीण. मऊ बोट एवढ्या वजनाखाली मधोमध दबली, दोन्ही टोकं वर आली. खालची फिन, म्हणजे बोट सरळ ठेवणारी पाती, दाजींनी काढून ठेवली होती. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं, काठाला गाळ, "त्यात अडकेल रे." मी आग्रह धरायला हवा होता, धरला नाही. ते थोरले, ताईचे यजमान, आणि मी नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. लाइफ जॅकेट त्यांनी बुडाखाली घेतलं, टेकायला. "मला पोहता येतं."

सुरुवातीची वीस मिनिटं स्वर्ग होती. वारा पाठीशी होता, वल्हं नुसतं टेकवलं तरी बोट पळत होती. समोर शेकाट्यांचा थवा उठला. दाजी स्वतः म्हणाले, "झकास आहे रे हे." हे वाक्य ते कुठल्याही बारशात सांगत नाहीत.

वळलो तेव्हा कळलं. बोटीच्या बाजू उंच, वजन हलकं, पाण्याखाली काहीच नाही, वारा तिला पानासारखी ढकलतो. त्यात फिन नाही, म्हणजे उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे फिरतं, डावीकडे मारलं की उजवीकडे. निम्मी ताकद तोंड सरळ करण्यात गेली. अर्धा तास वल्हवून काठावरची आमची मोटारसायकल तेवढीच लांब दिसत होती. मग वाऱ्यानं आम्हाला पाण्यात उभ्या असलेल्या वेड्या बाभळींच्या सुकलेल्या झाडोऱ्यावर नेऊन घातलं, आणि डाव्या बाजूला काटा घुसला.

आवाज मोठा नव्हता, नुसता फुस्स. पण दाजी उभे राहिले. बोट फुटल्यानं नाही, माणूस उभा राहिल्यानं बोट उलटते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, "दाजी, खाली बसा!" ते बसले. जॅकेट घातलं, बक्कल लावलं. काठावर जाळं झाडत एक मच्छीमार उभा होता, त्यानं हात आडवा करून हाक दिली, "वाऱ्याशी भांडू नका, आडवं या!" आम्ही तेच केलं. आमच्या गाडीकडे जायचा नाद सोडला, वाऱ्याला तिरकं धरून जवळच्या काठाला लागलो. चाळीस मिनिटं लागली. गुडघाभर गाळातून गाळपेरीच्या रानात बाहेर आलो आणि गुंडाळलेली बोट खांद्यावर घेऊन दोन-तीन किलोमीटर चाललो.

आता मला सांगा, फुगा फुटला का? बोटीला तीन कप्पे आहेत, दोन बाजूंचे आणि तळाचा. एकाची हवा गेली, दोन धरून राहिले, आणि 174 किलो माणसं काठाला आणली. चुकलं ते सगळं आमचं. उशीर, हवा, फिन, आधी वाऱ्याबरोबर जाणं. महागाची घेतली असती तरी वारा तोच होता. 21 मे 2024 ला याच उजनीत कुगाव आणि कळाशी या गावांमध्ये चालणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती काही फुगा नव्हती. ती बातमी आल्यावर मी दाजींना फोन केला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या दिवाळीला गोष्ट मात्र जुनीच सांगितली.

तर तुमचं. ब्रँड मी सांगत नाही, या किमतीत फार फरक नाही. तीन स्वतंत्र कप्पे, रुंद तोंडाचा व्हॉल्व्ह आणि सोबत फिन, एवढं बघा. लिहिलेल्या वजनातून सरळ चाळीस किलो वजा करा, मग दोघांची बेरीज करा. जमत नसेल तर दोघांची बोट एकट्यानं चालवा, उत्तम चालते. राहिलेल्या पैशातून आधी दोन चांगली जॅकेटं घ्या. बोटीबरोबर ती येत नाहीत. जॅकेट अंगात नसेल तर उतरू नका, पोहता येत असेल तरी.

टिकण्याचं म्हणाल तर पाण्यापेक्षा ऊन आणि उंदीर जास्त खातात. माझी गच्चीवर कधीच वाळत नाही, सावलीत पुसून, कोपऱ्यांतलं पाणी काढून, पत्र्याच्या पेटीत जाते. ओली गुंडाळली तर बुरशी धरते. ठिगळाला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावू नका, पीव्हीसीवर ते धरत नाही. विनाइलचं वेगळं येतं, ते लावून रात्रभर वजन ठेवा. भोक सापडत नसेल तर साबणाचं पाणी.

वारा वाढायच्या आधी, सकाळी नऊच्या आत पाण्याबाहेर या. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो.

हे सगळं धरणाचं झालं. कोकणात नेणार असाल तर हाच सकाळचा नियम उलटा पडतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि खाडीत ओहोटी लागली की तीही बाहेरच ओढते. या बोटी समुद्रासाठी नाहीत. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, तिथेही नको. आणि प्रत्येक धरणात उतरू देत नाहीत. जलसंपदा विभागाच्या माणसाला आधी विचारा, मच्छीमारांची जाळी कुठे लावलीत ते काठावर विचारा.

माझा भाचा आता 14 चा आहे. गेली दोन वर्षं माझ्या मागे लागलाय, आणि दाजी त्या गोष्टीकडे बोट दाखवून नाही म्हणतात. त्याच्या मापाचं जॅकेट मी आणून ठेवलंय. डाव्या बाजूचं ठिगळ अजून धरून आहे. हे उत्तर मी ताईला पाठवणार आहे, तिनं ते दाजींना वाचून दाखवावं.