सर म्हणतात कॅपॅसिटरमध्ये अर्धी एनर्जी जातेच, मग हा प्रोजेक्ट घेऊ का?

तुझं पत्र मिळालं गं. थर्ड इयर इलेक्ट्रिकल, कॉलेज सांगलीच्या बाजूला, फायनल इयरला कॉइल न वापरता नुसत्या कॅपॅसिटर आणि स्विचवर चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे एका डीसी व्होल्टेजचं दुसरं करणारं सर्किट, करायचाय, आणि सर म्हणाले की कॅपॅसिटर चार्ज करताना निम्मी एनर्जी उष्णतेत जातेच त्यामुळे एफिशियन्सी पन्नासच्या वर जाणार नाही, विषय बदल. वर बाबांचं म्हणणं की हे सगळं सोड आणि कोडिंगचा क्लास लाव. मी मार्गदर्शनाच्या कामात यायच्या आधी पुण्यात बरीच वर्षं पॉवर सप्लायवर काम केलंय म्हणून आधी सरांच्या मुद्द्यावर बोलते, कारण तो सुटला की करिअरचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

सर जे सांगतात ते खरं आहे पण ते रिकाम्या कॅपॅसिटरचं आहे. शून्यापासून 5 व्होल्टपर्यंत भरलास तर सोर्समधून निघालेली निम्मी एनर्जी जाते, मधला रेझिस्टन्स कितीही कमी केलास तरी जाते. पण चालू कन्व्हर्टरमध्ये कॅपॅसिटर कधी रिकामा होतच नाही ना! समज तो 4.9 वर आलाय आणि तू त्याला परत 5 वर नेतेस. जाणारी एनर्जी व्होल्टेजच्या फरकाच्या वर्गावर ठरते, म्हणजे अर्धा गुणिले सी गुणिले 0.1 चा वर्ग, आणि सोर्सने दिलेली आहे सी गुणिले 0.1 गुणिले 5. भागून बघ, 1 टक्का येतो. म्हणजे फरक लहान ठेवायचा, त्यासाठी कॅपॅसिटर मोठा घ्यायचा नाहीतर स्विचिंग फ्रिक्वेन्सी वाढवायची, आणि फ्रिक्वेन्सी वाढवली की मॉस्फेटच्या, म्हणजे स्विच म्हणून वापरतो त्या ट्रान्झिस्टरच्या, गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला) दर वेळी चार्ज द्यावा लागतो तो लॉस वाढतो, मग कुठे थांबायचं हे शोधायचं. डिझाइन म्हणतात ते हेच, सगळी मजा इथेच आहे.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती तुझ्या पत्रात आली नाही. या सर्किटचा इनपुट-आउटपुट व्होल्टेजचा रेशो ठरलेला असतो. दोनास एकचा कन्व्हर्टर 9 चे 4.5 मस्त करतो, पण तू त्याच्याकडून 4 मागितलेस तर बाकी सगळं आदर्श धरलं तरी एफिशियन्सी 4 भागिले 4.5, म्हणजे 89 टक्क्यांच्या वर जात नाही, आणि 3 मागितलेस तर 67. म्हणूनच फास्ट चार्जिंगच्या बऱ्याच फोनमध्ये काय करतात बघ, फोन अडॅप्टरला सांगतो की मला अमुक व्होल्टेज दे, यूएसबी पीडी या चार्जिंगच्या स्टँडर्डमधल्या पीपीएस नावाच्या सोयीत ते 20 मिलिव्होल्टच्या पायरीने बदलता येतं, आणि फोनमधली दोनास एकची कॅपॅसिटर चिप फक्त निम्मं करते, करंट दुप्पट, 97 टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी. व्होल्टेज जुळवायचं काम अडॅप्टरवर टाकलं म्हणून फोन कमी तापतो. डेटा सेंटरमध्येही 48 व्होल्ट खाली आणायला स्विच्ड कॅपॅसिटरचे प्रकार वापरतात, तिथे छोटी कॉइल जोडून चार्जिंग सौम्य करतात. हे सगळं सरांना दाखव, वाद घालायला नको, आकडेमोड करून दाखव. ते ऐकतील.

प्रोजेक्ट घेच. पण थेट मोठ्या पॉवरवर उडी नको. आधी आयसीएल 7660 ही व्होल्टेज उलटं करणारी छोटी कॅपॅसिटर कन्व्हर्टर चिप आण, दोन 10 मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर लाव, 5 चे उणे 5 कर आणि लोड वाढवत जा, आउटपुट कसं खाली येतं त्याचा ग्राफ काढ, तो उतार म्हणजेच कन्व्हर्टरचा आउटपुट रेझिस्टन्स. मग एलटीस्पाइस या सॉफ्टवेअरवर सर्किटचं सिम्युलेशन, ते फुकट मिळतं. मग चार मॉस्फेटचा दोनास एक. यात वरच्या मॉस्फेटचं गेट ड्राइव्ह, म्हणजे त्याला चालू-बंद करणारं सर्किट, तुला रडवणार, एक महिना त्याला राखून ठेव.

दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या त्या तुला सांगते. सिरॅमिक कॅपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची कपॅसिटन्स घटते, माझ्या पहिल्या बोर्डवर 10 मायक्रोफॅरड लिहिलेला कॅपॅसिटर प्रत्यक्षात निम्माही उरला नव्हता आणि मी आठवडाभर स्विचला दोष देत बसले, त्यामुळे डेटाशीटमधला डीसी बायसचा, म्हणजे डीसी व्होल्टेजबरोबर कपॅसिटन्स किती घटते त्याचा, ग्राफ आधी बघ. दुसरं, 97 टक्के मोजणं अवघड असतं. इनपुट आणि आउटपुटचं व्होल्टेज आणि करंट मोजायला चार मीटर, प्रत्येकात अर्धा टक्का चूक धरली तर तुझे 97 खरे 95 असतील किंवा 99 असतील. रिपोर्टमध्ये ही चूक स्वतः लिही. मुलाखतीत समोरचा माणूस नेमकं हेच विचारतो, लॉस कुठे किती गेला सांग, आणि बहुतेक मुलं तिथे गप्प होतात.

आता बाबांना वाचून दाखव. काका, कोडिंग वाईट नाही, ती मायक्रोकंट्रोलरसाठी सी शिकेलच, पण तिला ज्यात गोडी आहे त्या कामाला माणसं लागतात. पुण्यात ड्राइव्ह, चार्जर, यूपीएसवाल्या कंपन्या आहेत, बंगळुरूला पॉवर मॅनेजमेंट चिप बनवणारे आहेत. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असू शकतो हे मी लपवणार नाही, आणि चिप डिझाइनला जायचं तर बहुतेक ठिकाणी एमटेक लागतं, म्हणजे गेटची प्रवेश परीक्षा आणि अजून दोन वर्षं. आयआयटी बॉम्बे, आयआयएससी इथे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं चांगलं काम चालतं. घरची ओढाताण असेल तर आधी नोकरी आणि मग गेट, असंही करता येतं.

आणि तू, नुसत्या कॅपॅसिटरवर अडून राहू नकोस हं. बऱ्याच कंपन्यांत पहिल्याच दिवशी बक आणि फ्लायबॅक हे कॉइल-ट्रान्सफॉर्मरवाले कन्व्हर्टर विचारतील, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला लावतील, तर एनपीटीईएलवरचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स असतात ती साइट) पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा एक कोर्स या सुट्टीत पूर्ण कर. 7660 चा ग्राफ झाला की मला पाठव, लोडचे निदान आठ पॉइंट घे.