धर्मग्राम असताना आणखी एक कुटुंब कशाला?

प्रिय ताई,

वसईहून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डर या प्रापंचिक कॅथलिकांच्या संघाच्या मासिक सभेला तुम्ही तीन महिने जात आहात आणि तिथे रीतसर प्रवेश घ्यावा अशी ओढ तुम्हाला लागली आहे. मात्र चर्च आहे, धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक समुदाय) आहे, मग हे आणखी एक कुटुंब कशाला, असे यजमान विचारतात, आणि सून धर्मभगिनी व्हायला निघाली या धास्तीने सासूबाईंनी तर बोलणेच कमी केले आहे. यात घरच्यांशी प्रतारणा होते का, हा तुमचा प्रश्न आहे.

सासूबाईंची धास्ती आधी दूर करा. संसार न सोडता असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या वाटेने चालू पाहणाऱ्यांसाठीच हा संघ तेराव्या शतकात उभा राहिला, आणि पोप सहावे पॉल यांनी १९७८ मध्ये मंजूर केलेल्या त्याच्या नियमावलीत घरातली शांती आणि निष्ठा जपणे हे सदस्याचे कर्तव्यच मानले आहे. धर्मग्रामही सुटत नाही. प्रापंचिकांचे या परिवाराशी नाते तर जुनेच आहे. आपल्या वसईचे फ्रान्सिस्कन बंधू संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकीला श्रद्धेसाठी क्रुसावर गेले, तेव्हा त्यांच्यासोबत प्राण देणाऱ्यांत जपानमधील सतरा प्रापंचिक होते आणि त्यांतील अनेकांचे नाते याच परिवाराशी होते.

पण तुमच्या पत्रातल्या एका प्रसंगापाशी मी अडले. पहिल्याच सभेनंतर एका वयस्क बाईंनी तुमचा हात हातात घेऊन तुमच्या दिवंगत आईविषयी विचारले आणि तुम्ही रडलात. घरी मात्र, आई जाऊन वर्ष झाले तरी, तिचा विषय तुम्ही एकदाही काढलेला नाही. ताई, तिथे मिळालेला जिव्हाळा खरा आहे आणि तो मिळाल्याचा मला आनंद आहे. तरीही घरी न बोललेले दुःख ठेवण्याची जागा म्हणून तुम्ही हा परिवार निवडत असाल, तर यजमानांना परके वाटणे मला समजू शकते. या संघातले वचन आयुष्यभरासाठी असते, म्हणूनच त्याआधी निदान एक वर्षाचा प्रशिक्षणकाळ ठेवलेला आहे. तो पुरता वापरा, घाई करू नका.

या संघाच्या अगदी आरंभीच्या सदस्यांत इटलीतील पोज्जीबोन्सी गावचे लुकेसिओ आणि त्यांची पत्नी बुओनादोन्ना यांची नावे घेतली जातात. लुकेसिओ आधी धान्याचे व्यापारी होते. दारी आलेल्या गरिबांना ते घरातले सगळे वाटून टाकत आणि बुओनादोन्ना त्यावरून कुरकुरत. आख्यायिका अशी की रिकामी झालेली भाकरीची पेटी एकदा त्यांना भरलेली दिसली आणि तिथपासून त्या पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. मला त्यांची कुरकुर महत्त्वाची वाटते, कारण पेटी तर त्यांच्याही घरची होती! तुमच्या यजमानांच्या नाराजीकडेही तसेच पाहा. त्यांना सदस्य होण्याचा आग्रह करू नका. एखाद्या सभेला फक्त सोबत येऊन बसा, एवढेच म्हणा.

त्याआधी मात्र एका रात्री, जपमाळ झाल्यावर, त्या बाईंनी काय विचारले आणि तुम्हाला का रडू आले, ते यजमानांना सांगा.

तुमची,
ताई