टांकसाळीची चूक, की विक्रेत्याची कल्पकता?

एरर नाण्यांबद्दलच्या, म्हणजे टांकसाळीतच चुकीच्या निघालेल्या नाण्यांबद्दलच्या प्रश्नासोबत बहुधा एखाद्या लिस्टिंगचा, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातीचा फोटो असतो आणि त्याखाली डोळे पांढरे करणारी किंमत. मी आधी एकच गोष्ट विचारतो: ही चूक टांकसाळीत नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली? कोरी चकती कापताना, डाय (नाण्यावर चित्र उमटवणारा ठसा) घडवताना, की छाप मारताना? तिन्हींपैकी कुठलाच टप्पा सांगता येत नसेल, तर नाणं टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडलं आणि त्याची वाट नंतर लागली, असं खुशाल समजा.

प्रश्न : १९५५ चा अमेरिकी सेंट ‘डबल डाय’ म्हणून विकायला आहे. प्रसिद्ध नाण्याच्या निम्म्याहून कमी किंमत सांगतोय. सालातला आकडा दुहेरी दिसतो. घेऊ का?

कुठला आकडा दुहेरी दिसतो, ते आधी पाहा. फक्त शेवटचा ५ असेल, तर सोडून द्या.

खऱ्या डबल डायची गोष्ट अशी. त्या काळी डायवर चित्र पूर्ण उमटवायला हब, म्हणजे डाय घडवणारा उठावाचा ठसा, एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका डायवर दुसरा दाब किंचित फिरून बसला आणि अक्षरं डायमध्येच दुहेरी कोरली गेली. मग त्या डायखालून निघालेलं प्रत्येक नाणं तसंच. त्यांतली वीसेक हजार नाणी बाकीच्या ढिगात मिसळून बाजारात गेली. त्यांच्यावरचं साल आणि वरचं बोधवाक्य भिंगाशिवाय दुहेरी दिसतं, तेही चांगलं अंतर सोडून.

त्याच सालच्या काही सेंटांवर शेवटच्या ५ ला सावलीसारखी दुसरी रेघ दिसते. ती झिजलेल्या डायची करामत. संग्राहक थट्टेने त्याला ‘गरिबाचा डबल डाय’ म्हणतात आणि किंमतही त्या नावाला शोभेल अशीच देतात. लिस्टिंगमध्ये ‘गरिबाचा’ हा शब्द तेवढा गळतो.

तिसरा प्रकार मशीन डबलिंगचा, आणि ऑनलाइन सर्वांत जास्त फसवणूक याच्याच नावावर होते. छाप मारून उठताना सैल डाय जरा सरकते आणि अक्षराची कड खरवडून चपटी करते. दहापट भिंगाखाली फरक कळतो. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार असतात आणि अक्षराच्या टोकाशी, जिथे दोन रेघा फुटतात, तिथे बारीक खाच दिसते. मशीन डबलिंगमध्ये अक्षराच्या बाजूला खालच्या पातळीवर चपटी, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढंच अरुंद झालेलं असतं. अशा नाण्याला दर्शनी मूल्यापेक्षा फारसं जास्त कोणी देत नाही. विक्रेत्याकडे दोन फोटो मागा, एक डावीकडून उजेड पाडून आणि एक उजवीकडून. बाजू बदलल्यावर ‘डबलिंग’ही बाजू बदलत असेल, तर ती निव्वळ सावली.

आणि अस्सल १९५५ च्याही नकला निघालेल्या आहेत. ते नाणं प्रमाणित नसेल तर स्वस्तातही घेऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे ब्रिटिश दोन पेन्स आहे, त्यावर ‘न्यू पेन्स’ लिहिलंय. हेच नाणं ऑनलाइन हजार पौंडांना लावलेलं दिसलं.

साल बघा. १९७१ ते १९८१ पर्यंतच्या सगळ्याच दोन पेन्सांवर ‘न्यू पेन्स’ आहे आणि ती पैशाला पासरी मिळतात. १९८२ पासून तिथे ‘टू पेन्स’ आलं. १९८३ च्या काही संचांत चुकून जुन्याच मजकुराची नाणी गेली, चूक तेवढीच. साल १९८३ नसेल तर विषय संपला. लिस्टिंगमध्ये सालाच्या बाजूचा फोटो नसतो, यात सगळं आलं.

वेगळं दिसलं की चूक, हा समज युरोच्या नाण्यांबाबतही आहे. ग्रीसच्या २००२ च्या दोन युरोवर एका ताऱ्यात ‘एस’ अक्षर दिसतं. ती नाणी ग्रीससाठी फिनलंडमध्ये पाडली होती, त्याची ही खूण. अशी नाणी लाखोंनी आहेत. दोन युरोच्या काठावरचा मजकूर कधी सुलटा, कधी उलटा येतो, तोही दोष नव्हे. काठ आधी कोरला जातो आणि छापाखाली चकती कुठल्याही बाजूने पडते.

प्रश्न : एका नाण्यावर राजाचं डोकं उलटं आणि खोलगट उमटलंय. विक्रेता ‘ब्रॉकेज’ म्हणतो. घरी असं करता येतं का?

येतं, आणि सर्रास केलं जातं. खरं ब्रॉकेज असं होतं: छापलेलं नाणं डायला चिकटून बसतं, पुढची कोरी चकती त्या चिकटलेल्या नाण्यावर आपटते, आणि तिच्या त्या बाजूला आरशातल्यासारखी, खोलगट प्रतिमा उठते. म्हणजे त्या बाजूला चित्र एकच हवं, ते खोलगट. मूळ चित्र छापायला डाय तिथे पोचलेलीच नसते.

घरगुती प्रकारात दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) आवळतात किंवा हातोड्याने ठोकतात. तिथे आधीचं उठावाचं चित्र कायम असतं आणि त्यावरच खोलगट अक्षरं चढलेली दिसतात. भिंगातून बघा: खोलगट अक्षर ज्या रेघेवरून जातं, तिथे ती रेघ दबलेली, पसरलेली असते. मागची बाजूही बहुधा चेपलेली निघते, कारण ती व्हाइसच्या जबड्याला टेकलेली असते. एकाच बाजूला दोन चित्रांचे थर सापडले, की पुढे बघायची गरज नाही. हा माल ‘दुर्मिळ दुहेरी छाप’ म्हणूनही विकतात.

काठाला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेली नाणी हा दुसरा लाडका माल. खऱ्या ‘क्लिप’मध्ये चकती कापताना पत्र्यातल्या आधीच्या भोकावर पंच पडतो. पुढे काठ उठवणाऱ्या यंत्रात त्या चकतीला समोरासमोरचा दाब मिळत नाही. म्हणून तुटलेल्या जागेच्या बरोबर समोरचा काठ पुसट येतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तो प्रत्येक नाण्यावर सारखाच स्पष्ट नसतो, पण दिसला तर मोठा पुरावा. शिवाय खऱ्या क्लिपजवळची अक्षरं कडेकडे ओघळत विरतात, कानशीने घासलेल्या नाण्यात ती सुरीने कापल्यासारखी संपतात.

दोन्ही बाजूंना डोकं असलेली नाणी बहुतेक वेळा जादूगारांच्या सामानातली. एक नाणं आतून पोखरतात, दुसरं कातून त्यात बसवतात. काठाच्या आतल्या कडेला सांधा दिसतो, वजन बिघडलेलं असतं आणि टाकल्यावर आवाज बद्द येतो. कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून काठ आत वळलेली नाणीही ‘एरर’ म्हणून विकायला येतात. त्यांवर जास्त शाई खर्च करत नाही.

प्रश्न : १९४३ चा तांब्याचा सेंट खरा कसा ओळखायचा?

आधी लोहचुंबक लावा. युद्धामुळे त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले. आधीच्या काशाच्या काही चकत्या चुकून त्यात गेल्या, तीच ती मोजकी नवलाची नाणी. चिकटला, तर तो पोलादी सेंट आणि वर तांब्याचा मुलामा. चिकटला नाही, तर वजन करा, ३.११ ग्रॅमच्या आसपास हवं. मग ३ हा आकडा भिंगाखाली धरा, कारण १९४८ च्या ८ चा डावा भाग खरवडून त्याचा ३ केलेला असू शकतो. वजनकाटा आणि चुंबक घरात असायलाच हवेत. भिंगापेक्षा जास्त नाणी तेच बाद करतात.

प्रश्न : मग खरी किंमत कळणार कशी? एकच नाणं कुठे दहाला, कुठे दहा हजारांना.

दहा हजार हा फक्त मागितलेला आकडा आहे. मागायला पैसे पडत नाहीत. ईबे या विक्रीच्या संकेतस्थळावर ‘सोल्ड’ फिल्टर लावा आणि झालेले व्यवहार बघा. तिथेही एखादा आकडा अवाच्या सवा दिसला तर त्याला धरून बसू नका. व्यवहार नंतर मोडलेला असू शकतो, ओळखीतल्याने बोली चढवलेली असू शकते. पाच-सहा व्यवहार ओळीने सारखे दिसले, तर तो भाव.

ब्रिटनचं २००८ चं बिनसालाचं वीस पेन्स घ्या. त्या वर्षी नव्या रचनेत साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूला आलं. काही नाण्यांना पुढून जुनी डाय लागली आणि मागून नवी. परिणामी साल कुठेच नाही. चूक शंभर टक्के खरी, कागदोपत्री मान्य. पण अशी नाणी जास्तीत जास्त २,५०,००० असतील, असा अंदाज निघाला. म्हणून ती मागितली जातात हजारोंना, पण विकली जातात दोन आकडी पौंडांत. चूक अस्सल असली म्हणून नाणं महाग होत नाही. किती नाणी आहेत आणि मागणारे किती, यावर सगळं ठरतं. छाप केंद्रातून सरकलेल्या नाण्यांतही अर्ध्यावर सरकलेलं आणि साल शाबूत असलेलं नाणं भाव खातं, पाच टक्के सरकलेल्याला किरकोळ पैसे.

प्रश्न : प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं, म्हणजे स्लॅबमधलं नाणं डोळे झाकून घ्यावं का?

डोळे उघडे ठेवून. पीसीजीएस ही कंपनी १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून नाणी तपासून अशा डबीत बंद करण्याचं काम करतात. त्यांच्या संकेतस्थळावर लेबलवरचा क्रमांक टाकून बघा. नकली डबीवर खरा क्रमांकही छापलेला असतो, तेव्हा तिथे फोटो असेल तर नाण्यावरचे ओरखडे एकेक करून जुळवा. नाण्यात जी चूक असल्याचं विक्रेता सांगतो, तिचं नाव लेबलवर छापलेलं आहे का, तेही वाचा. नसेल, तर शीर्षकातला ‘एरर’ हा विक्रेत्याचा शोध.

प्रश्न : मी असं खोटं एरर नाणं घेऊन बसलोय. विक्रेता म्हणतो, ‘माल बघून घेतलात, परत नाही.’

वर्णनाशी न जुळणारा माल म्हणून, जिथून घेतलं त्या संकेतस्थळाकडे तक्रार करा, आणि मुदत संपायच्या आत करा. विक्रेत्याशी गोड बोलण्यात मुदत घालवू नका. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, काट्यावरचं वजन आणि भिंगातून काढलेला फोटो जोडा. बोलणं फोनवर नको, संकेतस्थळाच्या मेसेजमध्येच ठेवा. आणि नाणं घासून पुसून चकचकीत करू नका, नाहीतर ‘नाणं तुम्हीच बिघडवलंत’ म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळेल.