‘सिम्बायोसिस’साठी सहजीवन की सहकार्य?

जे. सी. आर. लिकलायडर यांच्या १९६० च्या ‘मॅन-कम्प्यूटर सिम्बायोसिस’ या निबंधाचे शीर्षक मराठीत आणताना ‘सहजीवन’ लिहावे की ‘सहकार्य’, असा प्रश्न आला आहे. ‘सहजीवन’ म्हटले की लग्नाची पन्नाशी गाठलेले दांपत्य डोळ्यांपुढे येते, अशी शंकाही त्यासोबत आहे. शंका रास्त आहे, तरी माझा कौल ‘सहजीवना’लाच आहे.

लिकलायडर मूळचे मानसशास्त्रज्ञ. संगणकांच्या जाळ्याची त्यांची १९६३ ची कल्पना पुढे इंटरनेटचा पूर्वावतार असलेल्या आर्पानेटला प्रेरक ठरली. प्रस्तुत निबंधाची सुरुवात मात्र ते अंजिराने करतात. अंजिराचे परागण एक विशिष्ट कीटकच करतो आणि त्या कीटकाची अळी त्याच झाडाच्या फुलातील अंडाशयात पोसली जाते; झाडाविना कीटकाला अन्न नाही आणि कीटकाविना झाडाचा वंश नाही. (आपला उंबर अंजिराचाच भाऊबंद, त्याचीही फुले फळासारख्या भागात दडलेली असतात, म्हणून तर ‘उंबराचे फूल’ दुर्मिळ.) सहकार्य हे दोन स्वतंत्र पक्ष ठरवून करतात आणि नको वाटल्यास थांबवतात. अंजिराला आणि त्या कीटकाला ती सोय नाही.

यंत्राने केवळ हातापायांचे किंवा डोळ्यांचे बळ वाढवलेला माणूस ही कल्पना लिकलायडर मुद्दाम वेगळी काढतात. १९५७ मध्ये त्यांनी स्वतःच्या कामाची नोंद ठेवली, तेव्हा ज्याला ते विचार करणे समजत होते त्यातला सुमारे ८५ टक्के वेळ माहिती शोधण्यात, आकडेमोडीत आणि आलेख काढण्यात, म्हणजे विचाराच्या पूर्वतयारीतच जात असल्याचे दिसले. हा भार संगणकाने उचलावा, उद्दिष्टे व निकष माणसाने ठरवावेत आणि ही देवघेव विचार चालू असतानाच व्हावी, अशी त्यांची मांडणी होती. इतकी घट्ट गुंफण ‘सहकार्या’त मावत नाही.

व्युत्पत्तीही ‘सहजीवना’च्याच बाजूची आहे: ग्रीक ‘सिन’ म्हणजे सह आणि ‘बिओस’ म्हणजे जीवन. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ मध्ये ही संज्ञा विजातीय जीवांच्या एकत्र राहण्यासाठी रूढ केली, आणि त्यांच्यापुढचे ठळक उदाहरण होते बुरशी व शैवाल मिळून बनणाऱ्या दगडफुलांचे. गोड्या मसाल्यातले दगडफूल त्याच वर्गातले.

एक सावधगिरी मात्र हवी. द बारी यांच्या व्यापक व्याख्येत परजीवीही येतात, लिकलायडरांना ते अभिप्रेत नाहीत. म्हणून शीर्षक ‘मानव-संगणक सहजीवन’ असे ठेवून मजकुरातील पहिल्या उल्लेखाला एकदाच ‘परस्परपोषक’ हे विशेषण जोडावे. अंजिराचा दाखला तिथेच येत असल्याने दांपत्याची छटा वाचकाच्या मनात रेंगाळणार नाही.