विचारा तर खरं! : टेल्को कुठेय आणि टेम्पो कोणाचा?

प्रश्न : आमची सोसायटी चिंचवडला, निम्मे लोक कंपनीतून रिटायर झालेले. पुढच्या महिन्यात ट्रेझर हंट ठेवलाय, विषय असा की स्वातंत्र्यानंतर पुण्यात गाड्यांचा धंदा कसा वाढला. मी कंपन्या आणि सालं लिहून चाळीस चिठ्ठ्या केल्या, तर माझीच मुलगी म्हणते, आई ही तोंडी परीक्षा आहे, कोण येणार? आता काय करू? आणि कंपनीवाले आत सोडतील का?
– वैतागलेली सेक्रेटरी

उत्तर : ताई, मुलीचं बरोबर आहे. चिठ्ठ्या रद्दीत टाका आणि गेटच्या आत जायचं तर डोक्यातूनच काढा, रविवारी चाळीस माणसं बघून वॉचमनच घाबरेल. जे आहे ते रस्त्यावरून दिसतं तेवढं पुरे.

माझं ऐकाल तर हंट लोकलने करा. रेल्वे आणि जुना मुंबई हायवे जवळजवळ शेजारून जातात आणि कारखाने आले ते ह्या दोघांच्या आजूबाजूलाच, त्यामुळे शिवाजीनगर ते आकुर्डी लोकल पकडली की अर्धा इतिहास खिडकीतूनच होतो. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, 1946 ची. दापोडीला एसटीचं वर्कशॉप, आणि पहिली एसटी धावली ती 1 जून 1948 ला, पुणे ते नगर. दापोडीची चिठ्ठी सोपी ठेवा, "लाल आहे, आजारी पडली की इथे येते". सकाळीच निघा, दुपारी लोकल कमी असतात, मग पोरं प्लॅटफॉर्मवर बसून चिप्स खातात आणि हंट तिथेच संपतो. मागे आमच्या ग्रुपचं हेच झालं.

पिंपरीला मात्र वेळ काढा, खरी गंमत तिथे आहे. टेल्कोचा, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीचा, इथला कारखाना 1966 चा आणि इथून पहिला ट्रक बाहेर पडला 1977 मध्ये. मग मधली अकरा वर्षं काय केलं? तर गाडी करण्याआधी गाडी करायची हत्यारं केली, डाय, जिग, फिक्स्चर, मशिन टूल्स, आणि ती चालवणारी पोरं ट्रेनिंग देऊन तयार केली. टेल्को चालवणाऱ्या सुमंत मुळगावकरांचा हा हट्ट होता. हे तुम्ही चिठ्ठीवर लिहिलंत तर कोणी वाचणार नाही, पण तुमच्याच सोसायटीत टूलरूममधून रिटायर झालेले एखादे काका असतीलच, त्यांना खिशात मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं हत्यार) घेऊन तिथे कोपऱ्यावर चहा पीत बसवा. पोरांनी डोक्याचा एक केस उपटून द्यायचा, काकांनी तो मोजून दाखवायचा, आकडा बरोबर वाचला तरच पुढची चिठ्ठी. म्हणजे बोर्ड आणि गेटं शोधायला लावू नका हो, माणसं शोधायला लावा.

आणि एक सांगते, नावांनी चकवा द्या. आमच्या हंटला एक टीम मॅपवर "टेल्को" टाकून भलतीकडेच गेली, कारण 2003 पासून ती टाटा मोटर्स आहे, फक्त आपण म्हणायचं सोडलं नाही. बजाज टेम्पोचंही तेच, 2005 पासून फोर्स मोटर्स. ह्या कंपनीवर तर कोडं पाहिजेच. टेम्पो हा जर्मन ब्रँड, हॅम्बुर्गच्या कारखान्याचा, नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये त्यांच्याशी करार करून तीनचाकी बनवायला घेतली, आधी गोरेगावला आणि 1964 पासून आकुर्डीला. आणि आज सामान हलवायचं म्हटलं की गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपण "टेम्पो बोलव" असंच म्हणतो. चिठ्ठी अशी करा : "आडनाव हॅम्बुर्गचं, पण बिऱ्हाड हलवायला सगळे मलाच बोलवतात".

आकुर्डी स्टेशनवरून हायवेपर्यंत रिक्षा करावी लागेल, मग पुढची चिठ्ठी रिक्षावाल्याकडेच द्या की! शेवटी बजाज ऑटो, स्कूटरवाली. तिथलं कोडं : "घोडा आहे पण चारा खात नाही, राणाचा म्हणवतो पण मेवाडला जात नाही". चेतक, 1972.

बक्षीस म्हणून कोणाची जुनी चेतक मिळाली तर बघा. ती तिरकी करायची, चोक ओढायचा, मग किक, किक, अजून किक, आणि चालू झाल्यावर निळा धूर. जी टीम आधी चालू करेल ती जिंकली. ल्युना मोपेड मिळाली तरी चालेल, तीही 1972 चीच, बंद पडली तर निदान पायडल मारत घरी नेता येते.

प्रश्न : आजोबा म्हणतात स्कूटर बुक करून दहा वर्षं थांबलो. थाप आहे ना?
– इयत्ता नववी, कोथरूड

उत्तर : अजिबात नाही रे बाळा. किती स्कूटर बनवायच्या हे तेव्हा कंपनी नाही, सरकार ठरवायचं, लायसन्समध्ये आकडा लिहिलेला असायचा आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. परदेशातून कोणी डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागायचा, नाहीतर लोक "ऑन", म्हणजे किमतीवर जादा पैसे, देऊन घ्यायचे आणि वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची. आजोबांना विचार, बुकिंगची पावती ठेवलीय का. असेल तर वरच्या सेक्रेटरीताईंना झेरॉक्स दे, त्यांना एक चिठ्ठी कमी पडतेय.